भिंतीवरचा कागद

साल 1863. तुम्ही पुण्यात उतरता तेव्हा दिवेलागण झालीय. ब्राह्मणवस्तीतल्या एका बोळाच्या कोपऱ्यावर, भिंतीला एक छापील कागद डकवलाय. खळ अजून ओली आहे, बोट लावलंत तर चिकटेल. वाचा. विधवांना उद्देशून लिहिलंय: इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर.

तुमच्या शेजारी उभे राहून एक गृहस्थही वाचतात. इकडेतिकडे बघतात आणि नखाने कागदाचा एक कोपरा खरवडून चालू लागतात.

ज्यांच्यासाठी हा कागद आहे, त्यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नाही. पण पुण्यात असली बातमी कळायला वाचता यावं लागत नाही. धुण्याच्या दगडापासून माजघरापर्यंत ती आपोआप पोचते. तशीच काशीबाईची पोचली होती.

काशीबाई तरुण ब्राह्मण विधवा, जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला. गावातल्या प्रतिष्ठित घराण्यातला एक शास्त्रीबुवा तिच्या मागे लागला. दिवस गेले. त्याच्याच सांगण्यावरून तिने नाही नाही ती औषधं घेतली, पण गर्भ पडला नाही. मूल जन्मलं, तेव्हा अब्रूच्या भीतीने तिने त्याचा गळा कापला आणि ते परसातल्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांना सापडलं. पुण्याच्या सेशन कोर्टाने तिला जन्मठेप दिली, अंदमानात. शास्त्रीबुवाला काय शिक्षा झाली, हे विचारायला तुम्ही आजच्या काळातून आलेले आहात. तिथे कोणी विचारत नाही.

आता ही दुसरी एक विधवा बघा, भिंतीच्या कडेकडेने निघालेली. अंगावर लाल अलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, केशवपन झालेल्या डोक्यावरून सारखा घसरणारा. पोट झाकायला तिने पितळी तांब्या पुढे धरलाय. तुम्ही तिला दिसत नाही, तेव्हा मागे मागे चला. गंजपेठेत शिरताना ती दोनदा थांबते, एकदा परतही फिरते.

फुल्यांच्या आवारात दार उघडतं. सावित्रीबाई पुढे होऊन तिच्या हातातला तांब्या घेतात. बस, एवढंच. नाव, गाव, पुरुष कोण, यातलं काही कबूल केल्याशिवाय आत घेणार नाही अशी अट नाही. याच अंगणात जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलंय. काशीबाईला अंदमानला धाडणाऱ्या सरकारला गुन्हा दिसला तो विहिरीपाशी. या जोडप्याला तो नऊ महिने आधीच दिसू लागला होता. तुरुंगाला पर्याय म्हटलं की आपण सौम्य शिक्षेचा विचार करतो. इथे शिक्षेचा प्रश्नच येऊ नये म्हणून एक खोली झाडून ठेवलेली आहे.

फार हळवे होऊ नका मात्र. एकवीस वर्षं पुढे चला, 4 डिसेंबर 1884. जोतीराव सरकारला लिहून कळवताहेत: आजवर पस्तीस विधवा इथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस गेली. कारणही ते देतात: आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधं. बाई दारापर्यंत पोचायची ती बहुधा शेवटचा उपाय म्हणून, सगळं करून थकल्यावर. त्या अंगणाने खुनाचा खटला टाळला, भीती नाही टाळता आली. पण पस्तीस बायकांपैकी प्रत्येकीला त्या रात्री विहिरीखेरीज दुसरीही एक जागा होती. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने 1874 मध्ये दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला.

परत आपल्या काळात या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच आली, ती सहा किरकोळ गुन्ह्यांसाठी. त्यात पाच हजारांखालची चोरी आहे, दारू पिऊन केलेला धिंगाणा आहे, अब्रुनुकसानीही आहे. मूल जन्मल्याचं लपवण्यासाठी त्याचा मृतदेह गुपचूप पुरणं किंवा टाकणं, हे कलम 94. त्याला आजही दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सहांच्या यादीत ते नाही.