वॉचमनची यादी की दाराची किल्ली? ‘शेअर’ बटणामागची साठ वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर.

विषय अगदी रोजचा आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट असो, ट्रेकचा हिशोब असो, नाहीतर मंडळाच्या वर्गणीची शीट. आपण फाईल गूगल ड्राइव्हवर टाकतो, ‘शेअर’ दाबतो आणि समोर दोन रस्ते येतात. एक म्हणजे माणसांचे ईमेल टाकून नावानिशी परवानगी द्या. दुसरा म्हणजे ‘लिंक असलेला कोणीही’. घाईत आपण दुसरा निवडतो, लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर टाकतो, विषय संपला! पण हे दोन रस्ते गूगलने शोधलेले नाहीत. ते आपल्या आईवडिलांच्या लहानपणापासूनचे आहेत.

चला अमेरिकेत, एमआयटीमध्ये. साल १९६१. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या टीमने सीटीएसएस नावाची सिस्टीम दाखवली. एकच कॉम्प्युटर, पण अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी वापरणार. आता मशीन एक आणि माणसं अनेक म्हटल्यावर प्रश्न आलाच: माझी फाईल कोणती आणि तुझी कोणती? म्हणून प्रत्येकाला पासवर्ड आला.

आता गंमत ऐका. १९६६ मध्ये याच सिस्टीमवर एक दिवस असा उजाडला की लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले! झालं काय होतं? फाईल एडिट करायचा प्रोग्राम एका वेळी एकच माणूस वापरणार, असं धरून लिहिलेला होता. तो कामापुरती एक तात्पुरती फाईल बनवायचा आणि तिचं नाव कायम एकच असायचं. पुढे दोन सिस्टीम प्रोग्रामर एकाच फोल्डरमध्ये एकाच वेळी काम करायला बसले. एक जण रोजची सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डची फाईल. तात्पुरत्या फाईल्सची अदलाबदल झाली आणि सूचनेच्या जागी पासवर्डची यादी झळकली. कॉर्बाटोंनी हा किस्सा स्वतःच आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलाय. लक्षात घ्या, इथे कोणी चोर नव्हता. दोघेही आपलं कामच करत होते.

याच लोकांची पुढची सिस्टीम म्हणजे मल्टिक्स. तिच्या फाईल व्यवस्थेवर १९६५ मध्ये डेली आणि न्यूमन यांनी पेपर लिहिला. त्यातली कल्पना अशी: प्रत्येक फाईलला एक यादी जोडायची. कोण वाचू शकतो, कोण लिहू शकतो, कोण फक्त शेवटी भर घालू शकतो, हे सगळं नावानिशी. आज ड्राइव्हमध्ये ‘व्ह्यूअर’, ‘कमेंटर’, ‘एडिटर’ दिसतं ना, ते याच कुळातलं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. हातात यादी, नाव असेल तर आत.

दुसरी कल्पनाही एमआयटीतलीच. १९६६ मध्ये जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी ‘केपेबिलिटी’ मांडली. म्हणजे सरळ किल्ली. तुझं नाव काय, हे कोणी विचारत नाही. किल्ली हातात आहे ना? मग दार उघड.

१९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: किल्ली झटपट चालते, पण ती कोणाकोणाकडे पोहोचली हे कळत नाही आणि परत घेणं अवघड. यादी तपासायला वेळ लागतो, पण नाव खोडता येतं. शिवाय त्यांनी एक नियम दिला, जो आम्हा इंजिनिअर लोकांना आजही शिकवला जातो: प्रत्येकाला कामापुरतीच परवानगी द्या, त्याहून जास्त नाही.

मधल्या काळात युनिक्स आलं. त्यात लांबलचक यादी नाही, तीनच गट: मालक, त्याचा ग्रूप आणि बाकी सगळे. सुटसुटीत होतं, म्हणून टिकलं. आणि काही अडलं की ‘सेव्हन सेव्हन सेव्हन’ देऊन सगळ्यांना सगळं उघडं करायची सवयही तिथलीच. आज ‘लिंक असलेला कोणीही एडिटर’ करतो, ती तिचीच धाकटी बहीण.

मग क्लाउडचा जमाना. २००६ मध्ये गूगलने रायटली हे ऑनलाइन लिहिण्याचं साधन विकत घेतलं, त्यातूनच गूगल डॉक्स उभं राहिलं. २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सगळ्यांसाठी खुलं झालं, २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आलं. आता दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा.

मार्च २००९. गूगल डॉक्समधल्या एका बगमुळे काही डॉक्युमेंट्स नको त्या लोकांना दिसू लागली. मालकाने पूर्वी ज्यांच्यासोबत दुसरं काहीतरी शेअर केलं होतं, त्यांना. कंपनीच्या म्हणण्यानुसार प्रमाण ०.०५ टक्क्यांहून कमी. उपाय काय केला? त्या डॉक्युमेंट्सवरची जोडलेली नावं काढून टाकली आणि मालकांना कळवलं, की हवं त्यांना पुन्हा जोडा. नावं होती, म्हणून खोडता आली.

मे २०१४. ड्रॉपबॉक्सवर लिंकने शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये दुसऱ्या वेबसाइटची लिंक असेल आणि वाचणाऱ्याने ती दाबली, तर ‘मी कुठून आलो’ हे ब्राउझर त्या वेबसाइटला सांगायचा. आणि ‘कुठून’ म्हणजे काय, तर तीच गुप्त लिंक! किल्लीच दुसऱ्याच्या अंगणात पडली. ती कोणी उचलली, हे शोधायला यादीच नव्हती. म्हणून अशा लिंकच बंद कराव्या लागल्या. म्हणजे कुलूप बदललं, आणि बाहेर उभे राहिले ते खरे सोबतीसुद्धा.

२०२१ मध्ये गूगललाही काही जुन्या फाईल्सच्या लिंकमध्ये जास्तीचा गुप्त भाग जोडावा लागला. किल्लीला नवे दाते पाडले म्हणा ना.

मला या सगळ्यातून दिसतं ते हे. परवानगी देताना दोन्ही पद्धती सारख्याच वाटतात, फरक कळतो तो परत घेताना. ग्रूपमधून एखादा बाहेर पडला, इंटर्नशिप संपली, ब्रेकअप झालं, तरी लिंक त्याच्या चॅटमध्ये तशीच असते. मग ज्या शीटमध्ये मुलींचे फोन नंबर आहेत, ट्रेकला येणाऱ्यांच्या औषधांची माहिती आहे, तिला किल्ली नको, यादी हवी. पोस्टर, वेळापत्रक, सगळ्यांनी बघावं असं काही असेल, तर लिंक खुशाल द्या, पण ‘व्ह्यूअर’ म्हणून.

आणि एक छुपी गोष्ट. ड्राइव्हवर ‘एडिटर’ केलेला माणूस, तुम्ही सेटिंग बदललं नसेल, तर पुढे आणखी लोकांना परवानगी देऊ शकतो. म्हणजे तुम्ही त्याला आत घेतलं नाहीत, त्याला वॉचमनच केलंत.

तर आजचा गृहपाठ छोटा आहे. तुमची सगळ्यात जुनी शेअर केलेली फाईल उघडा, ‘शेअर’ दाबा आणि यादी वाचा. जी नावं आता तिथे नकोत, ती खोडा. जिथे यादीच नाही, नुसती लिंक आहे, तिथे कुलूप बदला.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!