आठ खोल्या, वीस भिक्षू आणि बारा कार्षापण

परवा रात्री वाशिमहून बाबांचा फोन आला. "दिवाळी झाली. आता खोल्यायचं थंडीचं काम काढतो."

आमच्या घरामागे आठ खोल्या आहेत, भाड्याने दिलेल्या. वर टिनं. म्हणजे मे महिन्यात भट्टी आणि डिसेंबरात बर्फाची लादी. विदर्भ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना फक्त उन्हाळा आठवतो, पण वाशिमला थंडीत पारा कधीकधी दहाच्या खाली उतरतो. त्यामुळे बाबांचा कार्तिकातला कार्यक्रम ठरलेला. टिनं आणि भिंत यांच्यातल्या फटी सिमेंटने बुजवायच्या, फुटक्या काचा बदलायच्या, अंगणातला तांब्याचा बंब चिंचेने घासायचा आणि गेल्या वर्षीच्या तुराट्या-पऱ्हाट्या जळणासाठी कोरड्यात आणून रचायच्या.

यंदा मात्र बाबा पुढे म्हणाले, "पोरायले एकेक ब्लँकेट घ्यावं म्हणतो." खोल्यांत बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आहेत.

मी ताबडतोब आयटीवाला झालो. "बाबा, ॲग्रीमेंटमध्ये कुठंय हे? खोली आपली, पांघरूण त्यांचं."

बाबा गप्प. मग आईने फोन घेतला. "तीन नंबरातलं पोरगं सतरंजी पांघरून अभ्यास करून रायलं. ॲग्रीमेंट पांघरते का ते?"

फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. शेवटी शनिवारी, दर वीकेंडला करतो तेच केलं. जुनी पुस्तकं काढून बसलो. प्रश्न साधा होता. अनेक माणसं एका छपराखाली राहतात, छप्पर दुसऱ्याचं आहे, तर त्यांच्या थंडीची काळजी कोणाची?

सुरुवात गावापासूनच करू. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथला राजा होता हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव. या वराहदेवाने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरून भिक्षुसंघाला दिलं. तिथल्या शिलालेखात या निवासाच्या खिडक्या-दारांचं, पाण्याच्या सोयीचं कौतुक आहे, आणि सगळ्या ऋतूंत सुख देणारी जागा असंही त्याचं वर्णन आहे. म्हणजे आमच्या गावच्या मंत्र्याला नुसतं छप्पर देऊन भागत नाही हे दीड हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. मला परवा कळलं नव्हतं.

पण वर्णन सोपं असतं हो. बजेट कुठून येतं? त्याचं उत्तर त्याच्याही काही शतकं आधीच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. १० क्रमांकाचं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलं. तिथला ४२व्या वर्षाचा लेख वाचताना मी अक्षरशः उठून बसलो, कारण ती चक्क स्प्रेडशीट आहे!

उषवदाताने लेण्यासोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. यातले २००० गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचं व्याज कशासाठी? लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे कापडासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. करा हिशोब. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. भागिले २० भिक्षू, बरोबर १२. एक कवडी इकडे तिकडे नाही. दुसऱ्या रकमेतून भिक्षूंचा किरकोळ खर्च. आणि हे सगळं नगराच्या सभेत जाहीर करून दप्तरात नोंदवलेलं. रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, मंडळी!

आता कापडाचा आणि थंडीचा संबंध काय? वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, आणि तिथून कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठिन चीवरदानाचा काळ. म्हणजे कापड हातात येतं ते ऐन थंडीच्या तोंडावर. आजही आपल्याकडच्या विहारांत हा कार्यक्रम होतो.

बरं, कापड किती लागतं हे कोणी ठरवलं? याची गोष्ट विनयपिटकात आहे आणि टेस्टिंगवाल्यांनी ती जरूर वाचावी. वैशालीला जाताना बुद्धांना डोक्यावर, खांद्यावर चीवरांची गाठोडी घेऊन चाललेले भिक्षू दिसले. मर्यादा घालायला हवी, पण किती? मग माघ-फाल्गुनाच्या सांध्यावरच्या कडाक्याच्या थंडीत ते स्वतः रात्री उघड्यावर बसले, अंगावर एकच चीवर. पहिला प्रहर सरताना थंडी वाजली, दुसरं घेतलं. मधला सरला, तिसरं. पहाटेच्या आत चौथं. त्यावरून नियम आला तीन चीवरांचा, त्यातलं एक दुहेरी. थर मोजा, चारच होतात. आणि हा आकडा धडधाकट माणसासाठी नाही, तर ज्याला थंडी सोसत नाही त्यालाही पुरेल असा काढलेला. पॉलिसी लिहिणाऱ्याने आधी स्वतः गारठून पाहिलं.

इथे मी पुस्तक मिटलं. कारण मी पुण्यात वातानुकूलित ऑफिसात जॅकेट घालून बसतो आणि तिथून वाशिमच्या टिनाखाली काय पुरतं ते सांगतो!

मग आमची स्प्रेडशीट उघडली. आठ खोल्यांचं डिपॉझिट, प्रत्येकी १०,०००, म्हणजे ८०,०००. बँकेत साडेसहा टक्क्यांनी पडून आहे. मुद्दल मुलांचं, खोली सोडताना परत करायचंच. व्याज वर्षाला ५,२००, म्हणजे खोलीमागे ६५०. आजवर हे व्याज कुठे जात होतं? आमच्या खिशात, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. गंमत म्हणजे पुण्यात मीही भाडेकरूच. इथल्या घरमालकाकडे माझंही डिपॉझिट पडून आहे, आणि त्याचं व्याज कुठे जातं यावर मी चहाच्या टपरीवर भाषणं देतो!

रविवारी सकाळी फोन लावला. "बाबा, ब्लँकेटं घ्या. डिपॉझिटच्या व्याजातून. दरवर्षी."

"ते तं मी कालच आणले," बाबा म्हणाले. "व्याजाचं मात्र बरं सांगितलंस. ॲग्रीमेंटमध्ये लिहू का?"

लिहा म्हटलं. पुढच्या वर्षीच्या मुलांना मागावं लागायला नको.