गॅल्व्हेस्टन : एका वादळाने घडवलेली नगरपालिका

अमेरिकेच्या इतिहासाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले म्हणजे ते बहुधा वॉशिंग्टन, लिंकन आणि दोन महायुद्धे यांच्यापाशी येऊन थांबते. तेथील लहान गावांकडे आपले लक्ष जात नाही. वस्तुतः एखाद्या देशातील लोकसत्ता कशी चालते हे पाहावयाचे असेल, तर राजधानीत जाण्यापेक्षा एखाद्या बेताच्या गावाच्या नगरभवनात डोकावणे अधिक उपयोगाचे. म्हणून आम्ही येथे टेक्सस राज्यातील गॅल्व्हेस्टन या गावाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. २०२० च्या शिरगणतीत या गावाची वस्ती ५३,६९५ भरली. एवढे लहान गाव. पण अमेरिकन नगरशासनाचा इतिहास सांगू लागले की त्याचे नाव टाळता येत नाही.

प्रथम गावाची जागा पाहू. मेक्सिकोच्या आखाताला लागून, किनाऱ्याला समांतर असा वाळूचा एक लांबट पट्टा आहे. लांबी सुमारे २७ मैल. रुंदी मात्र अधिकात अधिक ३ मैल. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. हे बेट खडकाचे नव्हे. लाटांनी आणून टाकलेल्या वाळूचे आहे, आणि १९०० साली गावातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ९ फुटांच्या आतच होती. मग अशा ठिकाणी माणसांनी गाव वसवलेच का? उत्तर खाडीच्या बाजूला आहे. टेक्ससच्या त्या साऱ्या उथळ किनाऱ्यावर गलबतांना आसरा देणारे याच्याइतके चांगले नैसर्गिक बंदर दुसरे नव्हते. समुद्राने ज्या हाताने गावाला पोसले त्याच हाताने त्याला मारले, असे जे म्हणतात ते येथे अक्षरशः खरे आहे.

गावाच्या प्रारंभीच्या इतिहासात आम्ही फार वेळ घालवणार नाही. मूळचे रहिवासी कारांकावा जमातीचे लोक. त्यानंतर स्पॅनिश अंमल, आणि बर्नार्दो द गाल्व्हेस या सरदाराच्या नावावरून पडलेले नाव. १८१७ च्या सुमारास जाँ लाफीट या चाच्याने येथे आपला तळ दिला होता. १८३६ साली टेक्सस मेक्सिकोपासून वेगळे झाले, तेव्हा मिशेल मेनार्ड नावाच्या व्यापाऱ्याने बेटाच्या पूर्व टोकाची जमीन ५०,००० डॉलरना मिळवली. १८३८ मध्ये कंपनी काढून भूखंड विकावयास प्रारंभ केला आणि १८३९ मध्ये गावाला सनद मिळाली. म्हणजे हे गाव जन्मले तेच एका कंपनीच्या पोटी. व्यापारी मंडळींचा गावाच्या कारभारावरील हात पुढेही कधी सुटला नाही. धक्क्यांची मालकीसुद्धा मुख्यतः एका खासगी कंपनीकडे होती. नगरपालिकेचा तीत तिसरा हिस्सा, आणि संपूर्ण मालकी गावाकडे आली ती १९४० साली!

याच गावात १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर याने टेक्ससमधील गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. लिंकनच्या घोषणेला तेव्हा जवळजवळ अडीच वर्षे होऊन गेली होती. तो दिवस २०२१ पासून साऱ्या अमेरिकेत राष्ट्रीय सुटीचा दिवस झाला आहे. मुक्त झालेल्या या समाजातूनच पुढे नॉरिस राइट क्यूनी हा पुढारी निघाला. गोऱ्या मळेवाल्या बापाच्या आणि त्याच्या गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या या मनुष्याने गोदीतील कृष्णवर्णी हमालांची संघटना बांधली आणि १८८३ ते १८८७ या काळात आपल्या वॉर्डातून निवडून येऊन तो नगरपालिकेत बसला. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हेस्टन कापसाच्या निर्यातीवर गबर झाले होते. ‘स्ट्रँड’ या रस्त्यावर पेढ्या आणि वखारी यांची रांग लागली होती. आणि धोक्याची सूचना मिळाली नव्हती असेही नाही. याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला इंडियानोला नावाचे दुसरे बंदर होते. १८७५ च्या वादळाने ते मोडले आणि १८८६ च्या वादळानंतर लोकांनी ते सोडूनच दिले. गॅल्व्हेस्टनमध्ये तेव्हा समुद्रभिंतीची चर्चा झाली. पण पैसा कोणी काढावा यावर घोडे अडले, आणि चर्चा विरली. १८९१ साली तर सरकारी हवामानखात्याचा तेथील अधिकारी आयझॅक क्लाइन याने वर्तमानपत्रात लेख लिहून, वादळाने गॅल्व्हेस्टनचे गंभीर नुकसान होईल ही समजूत निव्वळ भ्रम आहे, असे प्रतिपादन केले. तज्ज्ञानेच असे सांगितल्यावर कर कोण देतो?

८ सप्टेंबर १९०० हा शनिवार होता. क्यूबातील वेधकऱ्यांचा अंदाज वादळ आखातात शिरेल असा होता. वॉशिंग्टनच्या कचेरीने त्यांना किंमत दिली नाही. दुपारपासून समुद्र आणि खाडी दोन्हीकडून पाणी चढू लागले. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र ताशी सुमारे १०० मैलांची नोंद करून उडून गेले. रात्री समुद्राचे पाणी १५ फुटांहून अधिक चढले, आणि गावाची उंची तर आम्ही वर सांगितलीच आहे. समुद्राकाठची घरे मोडली, त्यांच्या तुळया आणि फळ्या लाटांवर स्वार होऊन मागच्या घरांवर आदळल्या, ती मोडली, त्यांचा ढीग पुढच्यांवर गेला. ३,६०० घरे नाहीशी झाली. सेंट मेरी अनाथालयातील १० जोगिणी आणि ९० मुले बुडाली. तीन मुलगे तेवढे वाचले. क्लाइनची पत्नीही त्या रात्री गेली. ३७,७८९ वस्तीच्या गावात मेलेल्यांचा आकडा ६,००० ते ८,००० धरतात, म्हणजे कमीतकमी सहांमागे एक माणूस. प्रेते पडावात घालून समुद्रात सोडली, तर ती लाटांबरोबर परत आली. मग जागोजागी लाकडे रचून ती जाळावी लागली.

असे संकट आले म्हणजे गावाच्या कारभाराची खरी परीक्षा होते. वादळापूर्वीच गॅल्व्हेस्टनची नगरपालिका कर्जात होती. वादळानंतर तर कर देणारी घरेच उरली नव्हती. अशा वेळी पुढे आली ती ‘डीप वॉटर कमिटी’. बंदर खोल करण्यासाठी सरकारी पैसा मिळवावा म्हणून १८८० नंतरच्या दशकात स्थापन झालेली ही व्यापाऱ्यांची आणि पेढीवाल्यांची मंडळी. त्यांनी नवी सनद तयार केली आणि १९०१ साली टेक्ससच्या विधिमंडळाकडून ती संमत करून घेतली. जुनी नगरसभा गेली आणि तिच्या जागी पाच जणांचे एक कमिशन आले. एक अध्यक्ष, आणि चौघांकडे चार खाती : जमाखर्च, पोलीस व आगबंब, पाणी व गटारे, रस्ते व सार्वजनिक मालमत्ता.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. आपल्याकडे म्युनिसिपल कमिशनर म्हटले की सरकारने नेमलेला अधिकारी डोळ्यांपुढे येतो. गॅल्व्हेस्टनचा कमिशनर वेगळा. ठराव करणारा तोच आणि त्याची बजावणी करणारा खातेप्रमुखही तोच. खर्च मंजूर करणारा आणि खर्च करणारा यांत भेद नाही. प्रथम पाचांपैकी तिघे गव्हर्नरने नेमलेले व दोघे निवडलेले अशी तडजोड होती. १९०३ मध्ये न्यायालयाने ही नेमणूक घटनाविरुद्ध ठरवली आणि मग पाचही जण मतदारांनी निवडावयाचे असे ठरले. परंतु वॉर्डवार नव्हे, साऱ्या गावाने मिळून.

या मंडळींनी काम केले, आणि ते थोर काम केले, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. आयझॅक केम्प्नर या पेढीवाल्याने जमाखर्चाचे खाते हाती घेतले आणि ते १९१५ पर्यंत सांभाळले. धनकोंना व्याज कमी घेण्यास राजी केले. भिंत कशी बांधावी हे ठरविण्यासाठी तीन स्थापत्यतज्ज्ञ बोलावण्यात आले. त्यांतील प्रमुख हेन्री रॉबर्ट हे लष्करातील निवृत्त अधिकारी. सभेत ठराव कसा मांडावा, उपसूचना कशी द्यावी याचे नियम सांगणारे, अमेरिकेत घरोघरी माहीत असलेले १८७६ चे पुस्तक ह्याच गृहस्थांचे! ज्याने सभांना शिस्त लावली त्यालाच समुद्राला अटकाव करावयास बोलावले, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

भिंतीचा पहिला भाग ऑक्टोबर १९०२ मध्ये सुरू होऊन जुलै १९०४ मध्ये पुरा झाला. लांबी तीन मैलांवर, उंची १७ फूट, तळाशी जाडी १६ फूट आणि माथ्याशी ५. समुद्राकडील तोंड बाकदार, म्हणजे लाट आदळली की वर उसळून मागे फिरावी. त्याचा पैसा परगण्याने कर्जरोखे काढून उभा केला.

परंतु भिंतीपेक्षाही विलक्षण काम पुढे होते. भिंतीच्या मागे गाव खाली राहिले तर ते भांड्यासारखे भरेल. म्हणून गावच उचलावयाचे ठरले. सुमारे ५०० चौक आणि २,००० हून अधिक इमारती. प्रत्येक इमारतीखाली स्क्रूचे जॅक लावावयाचे आणि ती इंचाइंचाने वर चढवावयाची. गावात कालवा खणून त्यातून ड्रेजर आत आणले. ते बंदरातील गाळ आणि पाणी मोठ्या नळांतून घरांखाली ओतीत. पाणी निघून जाई, वाळू उरे. सेंट पॅट्रिकचे चर्च ३,००० टन वजनाचे. ते ७०० जॅकांवर पाच फूट उचलले आणि त्यातील उपासना एक दिवसही बंद पडली नाही असे सांगतात. हे काम १९११ पर्यंत चालले. या सात-आठ वर्षांत गावातील माणसे उंच फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करीत. गाळाला घाण सुटे. खाऱ्या मातीने झाडे आणि बागा मेल्या. त्या पुन्हा लावल्या त्या गावातील स्त्रियांच्या आरोग्यसंरक्षक मंडळाने. पुरुषांनी भिंत बांधली हे सर्वत्र लिहिलेले असते. सावली कोणी आणली हे क्वचितच. आणखी एक गोष्ट : भराव सार्वजनिक पैशाने झाला खरा, पण आपले घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याला करावा लागे. त्यात गरिबाचे काय झाले असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी.

ऑगस्ट १९१५ मध्ये तसेच मोठे वादळ आले. भिंत टिकली. गावात दगावलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भिंतीचे नाव झाले आणि तिच्याबरोबर कमिशनचेही. तोपर्यंत ही पद्धत साथीसारखी पसरली होती. ह्यूस्टनने ती १९०५ मध्ये घेतली, आयोवातील डे मॉईनने १९०७ मध्ये; आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेतील सुमारे ५०० गावांत ‘गॅल्व्हेस्टन पद्धत’ चालू होती. नगरपालिका हा धंदा आहे, तो धंदेवाल्यांनी धंद्याप्रमाणे चालवावा, हे त्या काळचे आवडते मत होते. आपल्याकडेही हे मत अधूनमधून ऐकू येते.

आता क्यूनीकडे वळू. तो वॉर्डातून निवडून आला होता, कारण त्याच्या वॉर्डात त्याला ओळखणारे आणि मानणारे लोक होते. १८९५ मध्येच, म्हणजे वादळापूर्वी, नगरसभेची निवडणूक साऱ्या गावाच्या मतावर होऊ लागली होती. १९०१ च्या सनदेने तिच्यावर शिक्का मारला. पुढच्याच वर्षी टेक्ससने मतदानावर डोईपट्टी बसवली. परिणाम काय झाला हे सांगावयास गणिती नको. ज्यांची वस्ती गावात अल्पसंख्य, त्यांचा मनुष्य साऱ्या गावाच्या मतावर निवडून येईना. कमिशनमध्ये बसले ते गोरे आणि बहुतेक सुखवस्तू. क्यूनी स्वतः १८९८ मध्ये वारला, त्याने हे पाहिले नाही. आमच्या मते भिंत बांधण्यासाठी वॉर्ड मोडण्याची गरज नव्हती. भिंतीचा पैसा परगण्याने आणि राज्याने दिला, शहाणपण स्थापत्यतज्ज्ञांनी दिले. वॉर्डाचा प्रतिनिधी त्यात आडवा आला असता असे मानण्यास आम्हांस आधार दिसत नाही. पण भेदरलेल्या गावाला दोन्ही गोष्टी एकाच मोळीत बांधून मिळाल्या आणि त्याने त्या एकदमच घेतल्या.

कमिशनचा धंदेवाईकपणाही फार दिवस टिकला नाही. चार खाती म्हणजे चार जहागिरी झाल्या. एकाने दुसऱ्याच्या खात्यात डोकावावयाचे नाही, हा अलिखित करार. मेसिओ बंधूंचे जुगारअड्डे वर्षानुवर्षे उघडपणे चालले. ते बंद पडले १९५७ साली, आणि तेही राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने हात घातल्यावर. इकडे देशात दुसरी पद्धत पुढे आली होती. व्हर्जिनियातील स्टॉन्टनने १९०८ मध्ये पगारी व्यवस्थापक नेमला. ओहायोतील डेटनने १९१३ च्या महापुरानंतर तोच मार्ग धरला. सभेने धोरण ठरवावे, व्यवस्थापकाने कारभार पाहावा, असा हा प्रकार. खुद्द गॅल्व्हेस्टनने १९६० साली आपलीच पद्धत टाकून तो स्वीकारला! मोठ्या शहरांपैकी ओरेगनमधील पोर्टलंडने कमिशन सर्वांत अखेरपर्यंत धरून ठेवले. तेथील मतदारांनी २०२२ मध्ये ते मोडले आणि नवी सभा २०२५ च्या जानेवारीत बसली.

परंतु व्यवस्थापक आला म्हणून वॉर्ड परत आला नाही. त्यासाठी १९६५ चा मतदानहक्काचा कायदा व्हावा लागला, कोर्टकचेऱ्या व्हाव्या लागल्या, आणि १९९० नंतरच्या दशकात केव्हा एकदा गावाचे सहा भाग पडून प्रत्येकातून एकेक सभासद निवडण्याची रीत सुरू झाली. नगराध्यक्ष तेवढा साऱ्या गावाने निवडावयाचा, मुदत दोन वर्षांची.

दरम्यान गावाचे वैभव ओसरले होते. १९१४ मध्ये ह्यूस्टनपर्यंत खोल जलमार्ग झाला आणि कापूस व तेल तिकडे गेले. १९६० साली ६७,१७५ असलेली वस्ती पुढे घटत गेली. सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’ वादळ आले. भिंत, जी आता दहा मैलांची झाली आहे, आपल्या जागी उभी राहिली. पाणी आले ते मागून, खाडीच्या बाजूने, जिकडे भिंत नाही. २०१० ची शिरगणती ४७,७४३ वर उतरली. खाडीच्या तोंडाशी प्रचंड दारे बसविण्याच्या योजनेला अमेरिकन काँग्रेसने २०२२ मध्ये संमती दिली आहे. संमती म्हणजे पैसा नव्हे, हे गॅल्व्हेस्टनकर आपल्यापेक्षा चांगले जाणतात.

त्या गावात ‘अ‍ॅश्टन व्हिला’ नावाचा १८५९ चा एक विटांचा वाडा आहे. तो उचलण्याजोगा नव्हता, म्हणून तळघर भरून घेतले आणि भोवती भराव टाकला. त्याचे लोखंडी कुंपण पाहणाऱ्याला ठेंगणे वाटते. ते ठेंगणे नाही. त्याचा खालचा भाग जमिनीत आहे.