सापडलेल्या खड्याला पैलू पाडावेत की तसाच ठेवावा?

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यातलं वैरागड एकेकाळी हिऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं. ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे. म्हणून या भागात चमकता खडा दिसला की आशा वाटते. पण घाई नको.

कुठे सापडला? भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातले दगड आणि खनिजंही वनोपज आहेत. राखीव वनातून ती परवानगीशिवाय उचलणं गुन्हा आहे.

नक्की काय आहे? काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा, असं नाही. गारगोटीही काच ओरखडते. वजन पाहा. गारगोटीची घनता २.६५, हिऱ्याची ३.५२. खात्री रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतच होते.

कधी ठेवावा? नैसर्गिक स्फटिकाचा आकार शाबूत असेल किंवा खडा मूळ खडकात रुतलेला असेल, तर संग्राहक तो तसाच पसंत करतात.

कधी पैलू पाडावेत? आकार झिजलेला, पण आतून स्वच्छ आणि भेगा नसतील तर. मजुरी आधी विचारा. साध्या गारगोटीत ती खड्याच्या किमतीहून जास्त होऊ शकते.

वजनही घटतं. १८५२ साली लंडनमध्ये नव्यानं पैलू पाडल्यावर सुमारे १८६ कॅरटचा कोहिनूर १०५.६ कॅरटचा उरला.

शंका असेल तर ठेवा. ठेवलेल्या खड्याला पुढेही पैलू पाडता येतात. पाडलेले पुसता येत नाहीत.