घाट चढवतो कोण, उतरवतो कोण?

मुंबईचा माल गलबतांतून पनवेलच्या खाडीत उतरावा आणि तेथून बोरघाटाने पुण्याकडे चढावा, असा कित्येक पिढ्यांचा शिरस्ता होता. आज तोच घाट ट्रक आणि पिकअप चढतात. समजा, पनवेलच्या एखाद्या गृहस्थांना मध्यम आकाराचा पिकअप घ्यायचा आहे. मागे ट्रेलर जोडून त्यावर जनरेटर ठेवायचा आणि लोणावळ्याला, पुण्याला न्यायचा, असा त्यांचा विचार आहे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इंजिन किती अश्वशक्तीचे? बोरघाटाचा इतिहास पाहिला तर आधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच निघतो.

पूर्वी घाटातून माल जाई तो बैलांच्या पाठीवरून. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीने खंडाळ्यापासून पनवेलपर्यंत लष्करी रस्ता करवला. पुढे गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १८३० मध्ये, गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला. पाठीवरचे ओझे चाकांवर आले आणि पनवेल गाड्यांच्या चाकांसाठी नावाजले. घाटात चाके लवकर झिजत असणार, हे त्यामागचे एक कारण असावे असे आम्हांला वाटते.

गाडीवानाला दोन गोष्टी नेमक्या ठाऊक असत. चढावर जादा बैलजोडी मिळते, उतारावर मात्र बैल जादा जोडून भागत नाही; मागून रेटणारे ओझे अडवावे लागते. म्हणून चाकाखाली घालायला दगडाची उटी हवी. दुसरी गोष्ट भार रचण्याची. माल मागच्या बाजूला जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर बसतो. थोडासा भार पुढे, बाकीचा आसावर, हे गणित त्याने पुस्तकाशिवाय सोडवलेले होते.

मग आगगाडी आली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोचले, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, आणि मधला घाट प्रवासी पालखीने नाही तर तट्टावरून ओलांडू लागले. जेम्स बर्कलेने आखलेला घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे साडेपंचवीस किलोमीटरांत ५५८ मीटर चढण, २५ बोगदे, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरमागे एक मीटर.

३७ ला १ हा चढ पायी चालणाऱ्याला जाणवतही नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतके सहज फिरते की सपाटीवर एक टन ओढायला साधारण तीन किलोग्रॅम भाराइतके बल पुरते. या चढावर त्यात सत्तावीसची भर पडते, म्हणजे काम दसपट होते! शिवाय ज्या सहजतेने चाक फिरते तिच्यामुळेच ते घसरते. इंजिनाची ताकद कितीही असो, फिरवल्या जाणाऱ्या चाकांवर जितका भार तितकीच रुळावर पकड. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडतात. ती मागेच का? जोडणी तुटली तर डबे खाली धावू नयेत म्हणून. २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत या जादा इंजिनांशिवाय चढते, कारण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. पकड सबंध गाडीभर वाटलेली आहे.

उतरण्याची व्यवस्था याहून मनोरंजक आहे. उतारावर जागोजाग, बाजूला वर चढत जाणारे आंधळे रूळ ठेवले आहेत. सांधा नेहमी त्यांच्याकडेच वळवलेला असतो. गाडी आटोक्यात असल्याचे दिसले तरच मुख्य मार्ग मिळतो. बेफाम सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबते. १९२९ च्या सुमारास घाटात वीज आली, तेव्हा 'मगर' नावाने प्रसिद्ध झालेली मालगाडीची इंजिने आली. कर्जतकडे त्यांना खेकडा म्हणत. उतरताना त्यांच्या मोटारी जनित्रासारख्या चालत आणि वीज तारेत परत जाई. ५०० टनांची गाडी ५५८ मीटर उतरते तेव्हा सुमारे ७६० युनिट ऊर्जा मोकळी होते. ब्रेक घासून ती वाया घालवण्यापेक्षा तिचा काही भाग तारेत परत पाठवणे केव्हाही बरे.

आता पिकअपकडे वळू. दोन टनांचा पिकअप आणि अडीच टनांचा भरलेला ट्रेलर धरू. २० मीटरमागे एक मीटर चढावर ताशी ४० किलोमीटरने जायला, चाकांचा रोध धरून, साधारण ४५ अश्वशक्ती लागते. वारा आणि गिअरमधली गळती धरली तरी आजच्या मध्यम पिकअपकडे याहून कितीतरी जास्त असते. चढायचा प्रश्न जवळपास मिटला.

उतरताना? खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे ५०० मीटर उतरले की साडेचार टनांतून २२० लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. इतक्या उष्णतेने ७० लिटर पाणी उकळेल. चारही चाकांचे ब्रेक मिळून ४० किलोग्रॅम लोखंड आहे असे मानले, आणि सगळी उष्णता त्यातच राहिली, तर तापमान हजार अंशांच्या वर जाईल. प्रत्यक्षात वारा, चाके आणि इंजिन तिचा मोठा वाटा उचलतात, पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा वाटा शून्य होतो. ब्रेकचे अस्तर पकड सोडते, नळीतला द्रव उकळून त्यात वाफ होते आणि पाय दाबला तरी पेडल नुसते खाली जाते. बोरघाटात 'ब्रेक निकामी' म्हणून छापून येणाऱ्या अपघातांपैकी बऱ्याच वेळी ब्रेक मुळात निकामी नसतात, तापलेले असतात.

म्हणून विक्रेत्याला विचारावे : ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? खालच्या गिअरमध्ये इंजिन किती अडवते? पिकअपचे स्वतःचे वजन ट्रेलरच्या मानाने पुरेसे आहे का? वजन कमी पडले तर वळणावर ट्रेलरच त्याला ढकलतो आणि आडवा करतो.

राहिली भाराची रचना. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या जोडणीवर यावा असे सांगतात. गाडीवानाचे 'उलाळ' ते हेच. वर्गात दोन चाकांची खेळण्यातली गाडी घ्या, पुढचा दांडा ताणकाट्याला टांगा आणि खडूची पेटी मागे मागे सरकवत काटा वाचा. काटा शून्यावर येतो तो क्षण मुलांना दाखवा. मग तीच गाडी दुसऱ्या गाडीमागे सैल जोडून फळीच्या उतारावर सोडा, एकदा पेटी पुढे ठेवून, एकदा मागे. कोणती सरळ उतरते आणि कोणती शेपूट हलवते, ते मुलांनाच नोंदवू द्या.