सोन्याचा डोंगर आणि गावी राहिलेल्या सुना

१/ दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील ताइशान परगणा. नवरी सासरी आली आहे, नवरदेव मात्र समुद्रापार अमेरिकेत. विधींसाठी त्याच्या जागी एक कोंबडा ठेवला आहे. ही दंतकथा नव्हे. अशी लग्ने तेथे खरोखर होत.

२/ १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले. ताइशानची जमीन डोंगराळ, धान्य अपुरे. तेथील तरुण त्या देशाला ‘सोन्याचा डोंगर’ म्हणू लागले आणि खाणी, रेल्वेमार्ग, धुलाईघरे यांत राबू लागले.

३/ घरच्यांच्या दृष्टीने लग्न ही एक तजवीज होती. सून गावी असली की मुलगा पैसे पाठवणार, कधीतरी परतणार. तोवर सासू-सासऱ्यांची सेवा, पूर्वजांची पूजा आणि वंश यांचा भार तिच्यावर.

४/ पुढे अमेरिकेच्या कायद्याने ही ताटातूट पक्की केली. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचा प्रवेश जवळजवळ रोखला. १८८२ मध्ये चिनी मजुरांवर बंदी आली. १८८४ मध्ये न्यायालयाने ती मजुरांच्या पत्नींनाही लागू केली. काही वर्षांनी एखादी गावभेट, एवढाच अनेकांचा संसार.

५/ १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या. अनेकांनी ‘आम्ही इथलेच’ असा दावा केला. नागरिकाच्या मुलाला प्रवेश मिळे. म्हणून गावभेटीनंतर न झालेला मुलगाही नोंदवला जाई आणि ती जागा दुसऱ्याला विकली जाई. हेच ‘कागदी मुलगे’. मुलींची नोंद क्वचितच होई.

६/ डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग जपानच्या हाती पडले. पैसे त्याच मार्गे येत, ते थांबले. १९४३ च्या दुष्काळात कितीतरी स्त्रियांनी दागिने विकले, काहींनी दुसरे घर केले, काही उपाशी मेल्या. त्याच वर्षी अमेरिकेने बंदी उठवली, पण वर्षाला अवघ्या १०५ जणांसाठी!

७/ शेजारच्या काइपिंगमधील बुरूजवजा घरे २००७ पासून जागतिक वारसा आहेत. परदेशी कमाईतून ती उभी राहिली, असे आपण वाचतो. ते खरेच आहे. परंतु त्या कमाईची वाट पाहत ज्यांनी घर, शेत आणि म्हातारी माणसे सांभाळली, त्या सुनांचे श्रम कोणत्याच हिशेबवहीत चढले नाहीत. स्थलांतराचा इतिहास लिहिताना जाणाऱ्याइतकेच मागे राहणाऱ्याकडेही पाहावे लागते, ते यासाठी.