न सांगितलेले दुखणे

बेळगावच्या टिळकवाडीतील घरंदाज गृहिणी असो, की निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबणारी बाई असो, एक दुखणे दोघींनीही मुकाट्याने सोसावे, अशीच रीत पडून गेली. खोकला आला किंवा घागर उचलली की लघवी आवरत नाही; ओटीपोट जड होऊन ठणकते; कधी अंग बाहेर येते. बाळंतपणात कटीच्या तळाचे स्नायू व बंध ताणले जातात, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. परंतु ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ एवढ्या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या त्याची बोळवण होत आली.

परपुरुषापुढे असे दुखणे सांगणार कसे? ही अडचण आनंदीबाई जोशी यांनी जाणली होती. हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, असे त्यांनी 1883 साली बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात सांगितले. 1886 मध्ये अमेरिकेत पदवी मिळाल्यावर निपाणीजवळच्याच कोल्हापुरातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली. दुर्दैवाने 1887 च्या फेब्रुवारीत त्या निवर्तल्या. मात्र 1886 मध्येच मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले होते.

दुखणे सांगता आले, तरी उपायाचा प्रश्न उरतच होता. अंग बाहेर येणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा ऐन तारुण्यातल्या असत. गर्भाशय काढावे, तर मातृत्व संपले; आणि निपुत्रिकेला त्या काळी सासरी थारा कठीण. मँचेस्टरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत गर्भाशयाच्या मुखाचा भाग कापावा लागे, त्यामुळे पुढील गर्भारपणास धोका संभवे. गोव्यातील शिरोडा येथे 1899 साली जन्मलेले व मुंबईस नावारूपास आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी यातून वाट काढली. मुख न कापता शस्त्रक्रिया करण्याची रीत त्यांनी बसविली. तसेच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी घेऊन गर्भाशय पाठीच्या कण्याच्या तळाशी बांधून घेण्याची युक्ती योजिली. डॉ. पुरंदरे यांनी त्याच हेतूने पोटाच्या भिंतीतील पडद्याच्या पट्ट्या वापरल्या. गर्भाशय राखून स्त्रीला बरे करणे, हे या दोघांच्या कार्याचे मर्म होय.

सौम्य विकारास मात्र शस्त्राची गरज नसते. 1948 साली अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी दाखविले, की कटीच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा नित्य व्यायाम केल्यास लघवीवरील ताबा सुधारतो. जेथे स्नायू आखडल्यामुळेच ओटीपोट दुखते, तेथे आवळण्याऐवजी ते सैल सोडण्यास शिकवितात. म्हणून आधी तपासणी हवी.

बेळगावात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. उपाय आता दूर राहिलेला नाही. उंबरठा ओलांडायचा आहे तो लाजेचा. आणि लेकीने किंवा सुनेने आपणहून विचारले, तर तो ओलांडणे सोपे जाते.